टेम्पो हटाव समितीचा अध्यक्ष

वाल्मीक गायधनीला आयुष्यात एकदाच अध्यक्षपद मिळालं, आणि तेही स्वतःला हटवण्यासाठी काढलेल्या समितीचं. नाशकात समित्यांना तोटा नाही. उत्सव समिती आहे, कृती समिती आहे, अमुक बचाव आणि तमुक हटाव आहे. पण आपल्याच विरोधात समिती काढून तिचा कारभार मन लावून बघणारा माणूस द्वारका चौकाच्या आसपास दुसरा झाला नसावा. तेव्हा तो नववीत होता, साल होतं दोन हजार सात.

वजनाचं म्हणाल तर ते त्याच्या आईला, लताबाईंना, कधी जास्त वाटलंच नाही. 'खात्यापित्या घरचं पोरगं' हा त्यांचा शब्द. शाळेने वेगळा शब्द काढला. पाचवीत असताना एकदा तो बसला आणि बाक मोडला. तो बाक कित्येक वर्षं मोडायलाच टेकला होता, पण मुहूर्त वाल्मीकचा लागला. मागून कोणीतरी ओरडलं, "टेम्पो पलटी झाला रे!" आणि त्या दिवसापासून वाल्मीक सहादू गायधनी हे नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

पहिलं वर्ष त्याने रडून काढलं. शाळेत नाही, घरी, मोरीचा नळ सोडून. सहावीत मात्र त्याला एक शोध लागला. एकदा उशीर झाला होता, दारात पाय ठेवताच पोरं तोंडाने हॉर्न वाजवणार हे दिसत होतं. घाबरून म्हणा, वैतागून म्हणा, त्याने सरळ पाठ फिरवली आणि उलटा चालत वर्गात शिरला. "बाजूला व्हा, बाजूला व्हा, गाडी रिव्हर्सला आहे! टुंई टुंई टुंई!" वर्ग हसून लोळला. देवरे बाईंनी तर डोळ्यांचं पाणी पदराने पुसलं. वाल्मीकला वाटलं, जिंकलो. ते हसणार हे ठरलेलंच, मग सुरुवात आपण करावी, म्हणजे हसणं आपल्या मालकीचं.

हे डोकं त्याचं एकट्याचं नव्हतं, घरातूनच आलं होतं. त्याचे वडील सहादू गायधनी ओझरच्या विमान कारखान्यात रंगकामाला होते. रोज सकाळी काठे गल्लीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून निघायचे आणि द्वारकेला कंपनीच्या बसमध्ये बसायचे. गावी पळशाला लग्नकार्यात कोणी कौतुकाने म्हणालं, "सहादू विमानं बनवतो बरं का," की सहादू लगेच हात झटकायचे. "कसलं बनवतो! दुसऱ्यानं बनवलेल्याला पावडर लावतो." मांडव हसायचा, आणि सगळ्यांच्या आधी सहादू हसायचे. पोराने ते बघितलं होतं.

तर वाल्मीकचा धंदा चालू लागला. रोज हजेरीला नवा माल. "वाल्मीक गायधनी?" "पार्किंगला लावलाय, बाई." दुसऱ्या दिवशी, "माल भरतोय, बाई." त्यानंतर, "नाक्यावर अडवलाय, बाई." देवरे बाई स्वभावाने प्रेमळ होत्या. त्याच्या नावाशी आल्या की पेन वर धरून थांबायच्या आणि लाडाने विचारायच्या, "आज काय रे टेम्पो?" सातवीत, आठवीत त्याने एकही दिवस रिकामा जाऊ दिला नाही. अभ्यासात एवढं सातत्य असतं तर घरच्यांनी पेढे वाटले असते.

मग ऑर्कुट आलं, इंटरनेटवरचा तेव्हाचा कट्टा. काठे गल्लीच्या तोंडाशी एक सायबर कॅफे होता, प्लायवूडच्या खोपट्या केलेल्या, आणि एकेका खोपटीत तीन तीन पोरं कोंबलेली. ऑर्कुटवर खातं उघडायला वय अठरा लागायचं, त्यामुळे आख्खी नववी एका आठवड्यात अठरा वर्षांची झाली. सुरुवातीला एकमेकांना 'हाय' आणि 'जेवलास का' लिहिण्यात मजा आली. ती संपल्यावर कोणीतरी गणिताच्या सरांविरुद्ध एक कम्युनिटी काढली, मग चुगल्या करणाऱ्या एका मुलीविरुद्ध निघाली, आणि मग ती साथच पसरली. कम्युनिटीत कोणीही यावं, त्या माणसाबद्दल वाटेल ते लिहावं, नाव सांगायचीही गरज नाही.

एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत किशोर त्याच्याजवळ आला. किशोरच्या वडिलांचं द्वारकेला टायरचं दुकान होतं आणि वर्गात कॅमेऱ्याचा मोबाइल पहिला त्याच्याकडे आला होता. तो म्हणाला, "टेम्पो, रविवारी तुझ्यावर पण काढतोय."

 वाल्मीक धंदेवाईक माणूस, रडत बसला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्या सुटल्या कॅफेत पळाला आणि किशोरच्या आधी स्वतःच काढून मोकळा झाला. नाव दिलं 'टेम्पो हटाव समिती'. वर कोबीने ओसंडून वाहणाऱ्या टेम्पोचा फोटो. खाली मालक म्हणून स्वतःचं नाव. जो कम्युनिटी काढतो तो मालक, त्याला कोणाचंही लिहिलेलं पुसता येतं, कोणालाही हाकलता येतं. सगळ्या सत्ता हातात ठेवून वाल्मीकने पहिला विनोद स्वतःवरच टाकला आणि पोरांना आवाहन केलं की यावे, भर घालावी. रोजच्या सगळ्यात झणझणीत विनोदाला तो 'आजचा भार' असा किताब देऊन सगळ्यात वर लावायचा.

समिती तुफान चालली. दहावीची पोरं आली, मग दुसऱ्या शाळांतली आली. भूगोलाच्या तासाला वाल्मीक वहीआड स्वतःची टिंगल रचत बसायचा, आणि घटक चाचणीत त्याचा निकाल लागला. पण डब्याला पोरं हाका मारू लागली. क्रिकेटमध्ये त्याला आयुष्यात पहिल्यांदा टीममध्ये घेतलं, बॅट्समनला बॉल नीट दिसावा म्हणून बॉलरच्या मागे पांढरा पडदा होऊन उभं राहायला. तो उभा राहिला, आणि वर ती गोष्टही समितीत लिहिली.

एकदाच जरा खुपलं. पालकसभेला लताबाई येऊन गेल्या, आणि संध्याकाळी कोणीतरी त्यांच्या चालण्यावर लिहिलं. पुसायला एक क्षण लागला असता. पण मालकच पुसायला लागला तर गंमत काय राहिली, असा विचार करून त्याने खाली भलंमोठं 'हा हा हा' लिहिलं. मग घरी आल्यावर आई वाढायला बसली तेव्हा त्याला तिच्याकडे बघता येईना. पोट दुखतंय सांगून तो तसाच उठला. लताबाईंनी ओवा दिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात एक नवी मुलगी आली. मैना भोये. घर सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावर, इथे पेठ रोडला आत्याकडे राहायची. आत्या, नवसाबाई, एका दवाखान्यात नर्स होत्या. मैना मुलींच्या रांगेत वाल्मीकच्या शेजारच्या बाकावर बसली. पहिल्याच दिवशी तिने त्याला नाव विचारलं. तो काही बोलायच्या आत चौघांनी सांगितलं, "टेम्पो!"

"असा नाव कसा असंल?" ती म्हणाली. "आईनी काय ठेवला?"

त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने "वाल्मीक, खडू दे" म्हटलं तेव्हा त्याने आधी मागे वळून बघितलं, कोणाला हाक मारली म्हणून. वर्गात त्याला त्या नावाने हाक मारणारी ती एकटीच. ते त्याला इतकं आवडलं की पुढचे काही दिवस तो तिच्या आसपास उगाचच खडू घेऊन फिरायचा.

मैनाच्या डब्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी असायची, काळपट तपकिरी. किशोरने तिच्या नकळत फोटो काढला, तोंडात घास, हातात भाकरी, डोळे अर्धे मिटलेले. संध्याकाळी समितीत तो फोटो झळकला आणि खाली ओळ, 'टेम्पोत सिमेंट भरलं. माल थेट सुरगाण्याहून.'

खोपटीत बसलेल्या वाल्मीकला हसू फुटलं. इथे त्याची बाजू घेण्यासारखं काहीच नाही. कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तसं त्याने ते बघितलं. टेम्पोही आला, सिमेंटही आलं, एका दगडात दोघं गार. कॅफेवाला वेळ संपली म्हणून प्लायवूडवर ठोकत होता, आणि बोटांना सवय लागलेली. वाल्मीकने त्यावर 'आजचा भार' लावला आणि उठला. रस्त्यावर आल्यावर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण उद्या दुसरा विनोद येईल, हा खाली जाईल, असं म्हणत तो घरी गेला.

हा खाली गेला नाही. दुसऱ्या दिवशी मैना वर्गात शिरली तेव्हा तिला सगळ्या रांगांतून एकच शब्द ऐकू आला, 'सिमेंट'. ती बिचारी अंगावर काही सांडलंय का बघत राहिली. मग एका मुलीने मैत्रीच्या नावाखाली तिला कॅफेत नेऊन तो फोटो दाखवला. त्यानंतर मैना मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे भिंतीकडे तोंड करून जेवायची. नंतर तिने डबा आणणंच सोडलं.

एखादा शहाणा असता तर त्याने तो फोटो पुसला असता. वाल्मीक शहाणा नव्हता, तज्ज्ञ होता. तो टाकीमागे गेला आणि त्याने तिला सल्ला दिला.

"हे बघ, ते हसणारच. आपण काय करायचं, त्यांच्या आधी हसायचं. मग त्यांच्या हाती काही राहत नाही. उद्या डबा आण. उघडायच्या आधी उभी राहा आणि तूच म्हण, 'सरका रे, स्लॅब टाकायचाय.'"

"मग?"

"मग जोरात हसायचं. सगळ्यांच्या आधी."

मैनाने पाढा पाठ करावा तसं ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. "तू रोज असाच करतोस ना?" तिने विचारलं. वाल्मीक छाती पुढे काढून म्हणाला, "रोज."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती खरोखरच उभी राहिली. हातात डबा. "सरका रे, स्लॅब टाकायचाय." क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग वर्ग फुटला. पोरं बाक बडवायला लागली, किशोरने मोबाइल उंच धरला. आणि मैना, शिकवल्याप्रमाणे, हसायला लागली. जोरात. तोंड हसत होतं आणि डोळे एकट्या वाल्मीककडे लागले होते, बरोबर होतंय ना, असं विचारत. तिच्या मुठीत भाकरीचा चुरा होत होता आणि तो फरशीवर पडत होता. पोरं थांबत नव्हती म्हणून तीही थांबत नव्हती.

वाल्मीकने ते करताना स्वतःला कधी बघितलं नव्हतं. आज त्याला ते समोर दिसलं. सहावीपासून रोज सकाळी आपण दारातून उलटे शिरतो तेव्हा असेच दिसतो, हे त्याला कळलं. तिच्यावर आणलेल्या वेळेची त्याला लाज वाटली. आणि त्या उलट्या चालणाऱ्या जाड्या पोराची इतकी दया आली, की आजवर जगात कोणाची आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मैना आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. देवरे बाईंनी वर्गात सांगितलं, नवसाबाईंचा निरोप आहे, पोरगी शिकणार नाही म्हणतेय, शनिवारच्या जीपने घरी जाणार. पाड्यावरची माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे निघालीत, त्यांच्याबरोबर जाईल. "हुशार होती हो," बाई हळहळल्या आणि त्यांनी धडा उघडला.

शाळा सुटल्यावर वाल्मीक कॅफेत गेला आणि त्याने समिती बंद करायचं बटण शोधलं. नक्की का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्याला कशाचीच खात्री नव्हती, तरी दाबलं. आख्खी कीर्ती एका क्षणात गेली, मागे पांढरी पाटी राहिली. संध्याकाळपर्यंत किशोरने नवी समिती काढली, आणखी मोठ्या टेम्पोचा फोटो लावून. म्हणजे अध्यक्षपद गेलं आणि टेम्पो जागच्या जागी.

शनिवारी तो सायकल मारत पेठ रोडला गेला. दारात नवसाबाई उभ्या होत्या. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तूच का तो टेम्पो?"

"हो," तो म्हणाला.

आतून आवाज आला, "आत्या, त्याचा नाव वाल्मीक हाय."

मैना पिशवी भरत होती. वाल्मीकने रस्ताभर बरंच काही जुळवून आणलं होतं, त्यातलं त्याला एवढंच सुचलं, "मी ती समिती बंद केली."

मैना रागावली असती तर बरं झालं असतं. ती उलट खाली मान घालून म्हणाली, "तू सांगला तसाच केला मी. मला नाय जमला. तुला कसा जमतो रे?"

आपलंच चुकलं असं वाटत होतं तिला. वाल्मीकच्या जिभेवर सवयीने एक विनोद येऊन थांबला, वजनावरचा, चांगला होता. तो त्याने गिळला. "मला पण नाही जमत," तो म्हणाला, आणि मग त्याला रडूच कोसळलं. मोरी नाही, नळ नाही, परक्याच्या घरात भर उंबऱ्यावर. रडताना नाकातून जो आवाज निघाला तो थेट हॉर्नसारखा होता, हे त्याच्याही लक्षात आलं, पण त्याने ते बोलून दाखवलं नाही. नवसाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला.

मैनाने पिशवी भरायची थांबवली. मग म्हणाली, "सोमवारी तू नुसताच वर्गात ये. हॉर्न नाय, काय नाय. त्ये हसले तरी तू नाय हसायचा. तसा केला तर मी राहीन."

"एवढंच?"

"एवढाच."

"मी जीपवाल्याला सांगते," नवसाबाई म्हणाल्या, "आजची जागा सोड, सोमवारी संध्याकाळची धर. बघू काय होतं ते."

रविवारी पळशाहून मामाचा फोन आला होता. सहादू फोनवर हसत होते. "आमचं काय, पावडर लावायचं काम, लावतो झालं!" फोन ठेवल्यावर ते हसू चेहऱ्यावरून उतरताना वाल्मीकने पहिल्यांदा नीट बघितलं.

"अण्णा, असं का म्हणता तुम्ही?"

"सवय हाय रे." सहादू त्याच्याकडे न बघता म्हणाले. "लोकांनी म्हणायच्या आत आपण म्हणून टाकावं. लय त्रास नाय होत."

 वाल्मीक वडिलांच्या शेजारी जाऊन बसला, नेहमीपेक्षा जरा चिकटून. सहादूंनी सरकून जागा दिली.

सोमवारी तो दारात उभा राहिला. वर्ग वाट बघत होता. किशोर बाकावर उभा होता. वाल्मीकचं अंग आपोआप पाठ फिरवायला लागलं, इतकी ती सवय. त्याने दाराची चौकट धरली, स्वतःला सरळ केलं, आणि लोक चालतात तसा चालत आत आला. दारापासून बाकापर्यंतचा रस्ता त्याला ओझरपेक्षा लांब वाटला. पोरांनी त्याच्या वतीने हॉर्न वाजवला, रिव्हर्सचा, मग पंक्चरचा. कान तापले. तो हसला नाही. मुलींच्या रांगेकडे बघायचं धैर्य त्याला झालं नाही, त्यामुळे ती आली आहे की नाही, हेही त्याला माहीत नव्हतं.

देवरे बाई आल्या, हजेरी सुरू झाली. "वाल्मीक गायधनी?"

"हजर."

बाईंचं पेन वरच राहिलं. वर्ग थांबला. "आज एवढंच?" बाई हसून म्हणाल्या. "काय झालं रे टेम्पो? पंक्चर का?"

वर्ग खदखदला. वाल्मीक उभा राहिला.  देवरे बाईंवर त्याचा राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य इतकं जड होतं.

"बाई, माझं नाव वाल्मीक आहे."

त्या वयात आवाज फुटतो, त्याचा नेमका नावावर फुटला. दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. खाली हजेरीपटात त्यांच्याच अक्षरात ते नाव महिन्यामागून महिने लिहिलेलं होतं, आणि त्या ते पहिल्यांदा वाचल्यासारख्या बघत होत्या.

"बस, वाल्मीक," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग मुलांची नावं संपली, मुलींची सुरू झाली. वाल्मीक बाकाकडे बघत एकेक नाव ऐकत होता.

"मैना भोये?"

"हजर."

त्या संध्याकाळी सुरगाण्याची जीप खचाखच भरून पेठ रोडवरून सुटली. नवसाबाईंनी धरून ठेवलेल्या जागेवर ड्रायव्हरने कांद्याची गोणी ठेवली होती.